वेगळ्या चुली मांडण्याआधी: एका मोनोलिथच्या वाटणीचं प्रकरण

## पार्श्वभूमी

घाऊक वितरकांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी एक मध्यम आकाराची कंपनी. ऑर्डर घेणं, गोदामातला साठा, बिलं, परत आलेला माल, उधारी-वसुली आणि या सगळ्यावरचे रिपोर्ट, एवढा तिचा पसारा. ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. माझा संबंध सल्लागार म्हणून आला. निर्णय त्यांचे होते.

सगळं एकाच कोडबेसमध्ये होतं, म्हणजे मोनोलिथ: सगळी कामं करणारा एकच सलग प्रोग्राम. एक जावा अ‍ॅप्लिकेशन, मागे एक पोस्टग्रेस डेटाबेस, आणि लोड बॅलन्सरमागे (येणारं काम वाटून देणाऱ्या यंत्रणेमागे) त्याच अ‍ॅप्लिकेशनच्या चार प्रती. सुरुवातीला चार-पाच जणांनी मिळून लिहिलेलं हे सॉफ्टवेअर तेव्हा प्रत्येकाच्या डोक्यात मावत होतं. पुढे ग्राहक वाढले, माणसं वाढली, तीन टीम झाल्या. एक ऑर्डर आणि साठा बघायची, दुसरी बिलं आणि वसुली, तिसरी रिपोर्ट आणि मोबाइल. सर्व्हर, डिप्लॉयमेंट, बॅकअप आणि रात्री-अपरात्री वाजणारे अलार्म सांभाळायला मात्र पहिल्यापासून दोघंच. हे दोघं लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम पडणार आहे.

कोड वाईट नव्हता. पॅकेजची नावं नीट होती, टेस्ट होत्या, नव्या माणसाला महिन्याभरात वाट सापडायची. पण कुणीही कुणाचंही टेबल थेट वाचायचं. रिपोर्टमधली एक क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) तर वीसहून जास्त टेबलं जोडत होती, आणि ती लिहिणारा केव्हाच कंपनी सोडून गेला होता. तिला हात लावायला कुणी धजत नसे.

## तक्रारी तीन, औषध एक

पहिली तक्रार रिलीजची. पूर्वी दर आठवड्याला नवं व्हर्जन जायचं, आता तीन-तीन आठवडे लागत. एका टीमचा बदल तयार असला तरी दुसरीचा अडकला म्हणून सगळ्यांनी थांबायचं. दुसरी महिनाअखेरची. शेवटचे दोन दिवस वितरकांच्या ऑफिसात रिपोर्ट काढायची झुंबड, आणि नेमकं तेव्हाच त्यांचे विक्री प्रतिनिधी उरलेल्या ऑर्डरी रेटत असत. स्क्रीनवरचं चक्र फिरत राही. तिसरी तक्रार जास्त जीवघेणी होती. एखाद्या मोठ्या वितरकाने एकदम महिन्याभराच्या बिलांच्या पीडीएफ मागितल्या की अ‍ॅप्लिकेशनची मेमरी भरे, ऑपरेटिंग सिस्टिम ती प्रोसेस मारून टाके, आणि त्या प्रतीवर काम करणाऱ्या प्रत्येकाची ऑर्डर अर्ध्यावर तुटे. पीडीएफशी ज्याचा काडीचाही संबंध नाही, त्याचीसुद्धा.

अशात नवे तंत्रप्रमुख रुजू झाले. त्यांची आधीची नोकरी शेकडो सर्व्हिसेस असलेल्या एका मोठ्या कंपनीतली. थोड्याच दिवसांत त्यांनी आराखडा मांडला: चौदा चौकोन, म्हणजे चौदा मायक्रोसर्व्हिसेस (स्वतंत्रपणे चालणारे, नेटवर्कवरून एकमेकांशी बोलणारे छोटे प्रोग्राम), प्रत्येकीचा वेगळा डेटाबेस, मधे मेसेज क्यू (निरोपांची रांग), सगळं कुबरनेटीसवर (असे प्रोग्राम अनेक सर्व्हरवर चालवणारी व्यवस्था). काम दीड वर्षाचं. शेवटच्या स्लाइडवर तिन्ही तक्रारी आणि त्यांच्यापुढे एकच उत्तर.

आराखडा नीट विचार करून केलेला होता, हे आधी सांगितलं पाहिजे. तशा आकाराच्या आणि तेवढं मनुष्यबळ असलेल्या कंपनीत तो चाललाही असता. बैठकीत बिल टीमच्या प्रमुख बाईंनी एवढंच विचारलं, "ऑर्डर पक्की झाली, पण त्या क्षणी बिलाची सर्व्हिस बंद आहे. समोरच्याला काय दिसेल?"

"तेवढ्यापुरतं 'प्रक्रियेत' असं दाखवू. सर्व्हिस परत आली की बिल तयार होईल."

"आणि गाडी माल भरून गोदामाच्या दारात उभी असेल तर? बिलाशिवाय ती हलत नाही."

यावर कुणाकडे तयार उत्तर नव्हतं. बैठक तिथेच संपली आणि माझ्या मते प्रकरणाला खरी दिशा तिथेच मिळाली. तोवर चर्चा चौकोनांची चालली होती, आता ती 'ऑर्डर पक्की करा' या एका बटणाची झाली.

## निर्णय घेण्याआधीचं मोजमाप

पुढचे काही आठवडे नवं काही लिहायचं नाही, आहे ते मोजायचं, असं ठरलं. तंत्रप्रमुखांना हे फारसं रुचलं नव्हतं, पण त्यांनी अडवलं नाही.

रिलीजचा वेळ कुठे जातो हे कोड तपासून सर्व्हरवर नेणाऱ्या पाइपलाइनच्या नोंदींवरून बघितलं. सगळ्यांचा समज होता की तीन टीमचा कोड एकमेकांत गुंतल्यामुळे मर्ज (सगळ्यांचे बदल एकत्र करणं) अडकतात. तसं क्वचितच होत होतं. बहुतेक वेळ खात होत्या मधूनच फेल होणाऱ्या टेस्ट. आज फेल, पुन्हा चालवली की पास. पूर्ण संच चालायला तासाहून जास्त लागायचा, आणि एक टेस्ट रुसली की सगळा संच पहिल्यापासून. या टेस्ट बहुतेक एकाच सामायिक टेस्ट डेटाबेसवर चालत आणि एकीने टाकलेल्या नोंदी दुसरीच्या पायात येत. चौदा सर्व्हिसेस केल्या असत्या तरी हे दुखणं सर्व्हिसेसच्या मधल्या टेस्टमध्ये आणखी अवघड रूपात परत आलंच असतं.

महिनाअखेरच्या संथपणाची दोन कारणं निघाली. एक अपेक्षित: रिपोर्टच्या लांबलचक क्वेरी मुख्य डेटाबेसवर चालत आणि कनेक्शन पूलमधली (डेटाबेसशी जोडण्यांच्या मर्यादित साठ्यातली) कनेक्शनं अडवून बसत. ऑर्डर घेणाऱ्याला कनेक्शनच मिळत नसे. दुसरं कारण कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याकडे खाली येतो, कारण ते या प्रकरणातलं सगळ्यात शिकण्यासारखं आहे.

तिसरं मोजमाप गिटच्या, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या, इतिहासाचं. मागच्या दोन वर्षांत एकाच कामासाठी कुठकुठल्या पॅकेजमध्ये एकदम बदल झाले, याची मोजणी एका छोट्या स्क्रिप्टने केली. ऑर्डर, साठा आणि बिल ही तिन्ही पॅकेजं जवळजवळ जुळ्यासारखी बदलत होती. सवलतीचा नवा प्रकार आला की तिन्हींत हात. परत आलेल्या मालाचा नियम बदलला की तिन्हींत हात. उलट पीडीएफ बनवणं, ईमेल आणि संदेश पाठवणं, रिपोर्ट यांचे बदल एकटेच व्हायचे.

संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्येच मांडलं होतं की मॉड्यूल (प्रोग्रामचे भाग) पाडताना कामाच्या पायऱ्या बघू नका, पुढे बदलू शकणारा निर्णय एकेका मॉड्यूलच्या आत लपवा. चौदा चौकोनांचा आराखडा नेमका कामाच्या पायऱ्यांवर बेतला होता: आधी ऑर्डर, मग साठा, मग बिल. स्क्रिप्टचा निकाल बघितल्यावर हे तंत्रप्रमुखांच्या स्वतःच लक्षात आलं, आणि त्यांनी ते मोकळेपणाने बोलूनही दाखवलं. तिथून ते या कामात मनापासून उतरले.

## एका बटणाची तपासणी

'ऑर्डर पक्की करा' हे बटण दाबल्यावर चार गोष्टी होतात. साठ्यातून माल राखून ठेवला जातो, ग्राहकाची उधारीची मर्यादा तपासली जाते, बिलाला क्रमांक मिळतो, खात्यात नोंद पडते. चारही एकाच डेटाबेस ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे चारही एकदम कायम होतात (कमिट) किंवा एकही नाही. मधे काही बिनसलं तर रोलबॅक, आणि जणू काही घडलंच नाही.

हे चार सर्व्हिसेसमध्ये वाटलं की रोलबॅक जातो. त्याच्या जागी मग सागा येतो: प्रत्येक पायरी आपापल्या ठिकाणी कायम करायची आणि पुढची फसली तर मागची उलटवणारी कृती करायची. ही कल्पना गार्सिया-मोलिना आणि सेलम यांच्या १९८७ च्या शोधनिबंधातली, आणि तीही मुळात लांब चालणाऱ्या ट्रान्झॅक्शनसाठी. कागदावर ती छान दिसते. या कंपनीत आम्ही ती पायरीपायरीने लिहून काढली. साठा राखला, बिल क्रमांक दिला, आणि खात्यातली नोंद फसली. आता साठा मोकळा करायचा, ते सोपं. पण बिलाचं काय? यांच्या ग्राहकांना बिलांचे क्रमांक सलग लागतात, मधे गाळलेला क्रमांक हिशोब तपासणाऱ्याला चालत नाही. म्हणजे दिलेला क्रमांक परत घेता येत नाही, रद्द बिल म्हणून ते कायम राहणार. शिवाय मधल्या त्या काही सेकंदांत दुसऱ्या विक्रेत्याला तोच माल 'शिल्लक नाही' असा दिसलेला असणार आणि त्याचं गिऱ्हाईक फोन ठेवून मोकळं झालेलं असणार. ही उलटी कृती कुठल्याही कोडने करता येत नाही.

टू-फेज कमिटचा विचार कुणीतरी मांडला. सगळ्यांना 'तयार आहात का' विचारायचं, सगळे हो म्हणाले की कमिट. पण विचारणारा मधेच कोसळला तर हो म्हणालेले सगळे लॉक (इतरांना त्या नोंदी बदलू न देणारं कुलूप) धरून ताटकळत बसतात. पोस्टग्रेसमध्ये यासाठी लागणारी सोय मुळातच बंद ठेवून येते, यावरून काय ते समजावं.

आता ते ध्यानीमनी नसलेलं कारण. सलग क्रमांकासाठी पोस्टग्रेसचा सिक्वेन्स (आपोआप पुढचा क्रमांक देणारी सोय) वापरता येत नाही, कारण रोलबॅक झाला तरी सिक्वेन्स मागे येत नाही, क्रमांक गळतो. म्हणून यांच्याकडे एक साधं टेबल होतं: प्रत्येक वितरकाची एक ओळ, तिच्यात शेवटचा बिल क्रमांक. बिल करताना ती ओळ लॉक करायची, एकने वाढवायची, आणि कमिट होईपर्यंत लॉक धरायचं. त्याच वितरकाचं दुसरं बिल तोवर थांबणार. पद्धत बरोबर आहे, यापेक्षा सोपी दुसरी नाही. अट एवढीच की लॉक घेतल्यावर कमिटपर्यंतचं अंतर अगदी थोडं हवं.

कोडमध्ये त्या अंतरात पीडीएफ बनत होतं. कधीकाळी कुणीतरी 'बिल झालं की लगेच पीडीएफ हवं' म्हणून तो कॉल ट्रान्झॅक्शनच्या आत टाकला होता, आणि क्रमांक घेण्याच्या नंतरच्या ओळीवर. एरवी अर्धा सेकंद, महिनाअखेरीला सर्व्हर दमलेला असताना चार-पाच सेकंद. तेवढा वेळ त्या वितरकाचे बाकीचे सगळे विक्रेते एका ओळीच्या लॉकमागे रांगेत उभे. आणि प्रत्येकाचं कनेक्शन अडकलेलं, त्यामुळे इतर वितरकांनाही झळ.

पीडीएफ ट्रान्झॅक्शनबाहेर काढलं आणि क्रमांक घेणं कमिटच्या अगदी आधी नेलं. बदल लहानसाच होता, पण पुढच्या महिनाअखेरीला तक्रारींचा मोठा हिस्सा त्यानेच कमी झाला. दीड वर्षाच्या आराखड्यात ही ओळ बिल-सर्व्हिसच्या आत तशीच्या तशी गेली असती.

## समोरचे पर्याय

पहिला, मूळ आराखडा. त्याच्या बाजूने बोलण्यासारखं होतं. टीम आपापल्या वेळेला रिलीज करू शकतात, एकीचा बिघाड दुसरीपर्यंत पोचत नाही, ज्याला जास्त सर्व्हर लागतात त्यालाच ते देता येतात. नेटफ्लिक्सचं उदाहरण दिलं गेलं. २००८ मध्ये डेटाबेस बिघडून त्यांचं काम काही दिवस खोळंबलं, तिथून क्लाउडकडे सुरू झालेला त्यांचा प्रवास २०१६ च्या सुरुवातीला पुरा झाला. म्हणजे साधारण सात वर्षं, आणि तीही त्यांच्या मनुष्यबळाने.

विरुद्ध बाजूने कुणीतरी २०२३ चं प्राइम व्हिडिओचं उदाहरण काढलं, ज्यात वाटलेले भाग पुन्हा एका प्रोसेसमध्ये आणून खर्च ९० टक्क्यांहून जास्त कमी झाला. या उदाहरणाचा फार गैरवापर होतो. तो बदल व्हिडिओची गुणवत्ता तपासणाऱ्या एका साधनापुरता होता, सगळ्या प्राइम व्हिडिओचा नव्हे. त्यातून घेण्यासारखं एवढंच की एकमेकांना सतत मोठा डेटा देणारे भाग लांब ठेवले तर ने-आणच महाग पडते.

चौदा सर्व्हिसेसच्या विरोधातला मोठा मुद्दा साध्या गुणाकाराचा होता. एक सर्व्हिस ९९.९ टक्के वेळ चालू, म्हणजे ३० दिवसांत सुमारे ४३ मिनिटं बंद. ऑर्डर पक्की करायला अशा सहा सर्व्हिसेस एकदम चालू लागत असतील, तर सहांचा गुणाकार ९९.४ टक्क्यांवर येतो आणि बंद राहण्याची वेळ सव्वाचार तासांच्या वर जाते. एकाच प्रोसेसमधला फंक्शन कॉल नॅनोसेकंदांत होतो. त्याच डेटा सेंटरमध्ये नेटवर्कवरून जाऊन यायला अर्धा मिलिसेकंद धरा. शिवाय हे सगळं रात्री कोण बघणार? दोघं.

संगणकशास्त्रज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये लिहिलं होतं की संस्था ज्या तऱ्हेने आपसात बोलतात, त्याच तऱ्हेची सिस्टिम त्या घडवतात. तीन टीमच्या कंपनीत चौदा सर्व्हिसेस म्हणजे प्रत्येक टीमच्या गळ्यात चार-पाच. स्वतंत्र रिलीजचा फायदा टीममागे एकदाच मिळतो, सर्व्हिसमागे नाही.

दुसरा पर्याय: काही बदलू नका, फक्त दुरुस्त्या करा. पीडीएफची ओळ हलवल्यावर हा मोह झालाच. पण मेमरी भरून प्रोसेस मरण्याचा धोका तसाच राहिला होता, आणि टेबलांत कुणीही शिरण्याची सवयही.

तिसरा, मधला. मोनोलिथ ठेवायचा, पण आत भिंती घालायच्या. ज्या भागाच्या उत्तरासाठी ऑर्डर घेणारा थांबून राहत नाही, तेवढाच बाहेर काढायचा. सॉफ्टवेअर-रचनेवर लिहिणारे मार्टिन फाउलर यांनी २०१५ मध्ये 'आधी मोनोलिथ' असा सल्ला दिला होता, आणि तो देणारा माणूस जेम्स लुइस यांच्यासोबत २०१४ मध्ये मायक्रोसर्व्हिसेसची ओळख करून देणारा लेख लिहिणाराच होता, याचं काहींना नवल वाटलं. ऑनलाइन दुकानांसाठी सॉफ्टवेअर देणाऱ्या शॉपिफायनेही आपला प्रचंड रूबी ऑन रेल्स कोडबेस आतून वाटून एकत्रच ठेवला आहे.

तिसरा पर्याय ठरला. सगळ्यांच्या आनंदाने नव्हे. दोघा-तिघांना बायोडेटावर कुबरनेटीस हवं होतं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. मला यात गैर वाटत नाही, पण अशी इच्छा तांत्रिक कारणांच्या यादीत मिसळली की यादी फुगते.

## काय केलं

टेस्टपासून सुरुवात. प्रत्येक टेस्टला स्वतःचा स्वच्छ डेटाबेस, रुसणाऱ्या टेस्ट वेगळ्या काढून दुरुस्त होईपर्यंत बाजूला. या कामाला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

मग भिंती. प्रत्येक मॉड्यूलची टेबलं त्याच पोस्टग्रेसमध्ये वेगळ्या स्कीमात (डेटाबेसमधल्या वेगळ्या कप्प्यात) नेली. दुसऱ्याचं टेबल वाचायचं नाही, त्याच्या ठरवून दिलेल्या इंटरफेसकडे मागायचं. हा नियम कागदावर राहू नये म्हणून कोडच्या रचनेचे नियम तपासणारं आर्कयुनिट वापरलं: नियम मोडला की बिल्ड फेल. जुनी उल्लंघनं शेकड्यांनी होती, ती एका फाइलमध्ये गोठवून ठेवली. नवीन चालणार नाही, जुनी सवडीने कमी करायची. फॉरेन कीवर (एका टेबलातली नोंद दुसऱ्यातल्या नोंदीशी बांधणाऱ्या डेटाबेसच्या नियमावर) बराच वाद झाला. शुद्धतावाद्यांना मॉड्यूलांमधल्या सगळ्या काढायच्या होत्या. शेवटी ऑर्डर, साठा आणि बिल यांच्यातल्या ठेवल्या, बाकीच्या काढल्या. जे एकाच क्षणी खरं असायलाच हवं ते डेटाबेसकडून राखून घ्या, हे सूत्र मला पटलं. इथे माझं मत विचारलं गेलं आणि मी ते याच बाजूने दिलं.

पीडीएफ, ईमेल आणि संदेश मिळून 'दस्तऐवज' नावाची वेगळी सर्व्हिस झाली. जोडणी आउटबॉक्सने: बिल कमिट होताना त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये आउटबॉक्स टेबलात एक ओळ पडते, एक वर्कर ती उचलून क्यूमध्ये टाकतो, सर्व्हिस आपल्या वेगाने पीडीएफ बनवते. वर्कर मधे कोसळला तर तीच ओळ दोनदा जाऊ शकते. म्हणून बिल क्रमांक आणि आवृत्ती मिळून किल्ली ठरवली, ती आधी आलेली असेल तर काम पुन्हा करायचं नाही. ही किल्ली पहिल्या दिवसापासून नव्हती. एका ग्राहकाला तेच बिल लागोपाठ ईमेलवर येत राहिलं, तेव्हा ती आली.

रिपोर्टसाठी रीड रेप्लिका (मुख्य डेटाबेसची फक्त वाचायची प्रत) उभी केली. इथे पोस्टग्रेसने आपला एक स्वभाव दाखवला. रेप्लिकावर लांब क्वेरी चालू असताना मुख्य डेटाबेसकडचा एखादा बदल तिच्या आड आला, तर रेप्लिका थोडं थांबते आणि मग क्वेरीच रद्द करते. मूळ मर्यादा ३० सेकंदांची. महिन्याचे रिपोर्ट एकामागून एक रद्द व्हायला लागले. मर्यादा वाढवली तर रेप्लिका मागे पडते. क्वेरी संपेपर्यंत जुन्या ओळी राखायला मुख्य डेटाबेसला सांगितलं तर तिथे कचरा साठतो. त्यांनी मर्यादा वाढवली आणि रिपोर्टवर 'अमुक वेळेपर्यंतची माहिती' असं छापायला सुरुवात केली. ही ओळ छापल्यावर उशिराबद्दल एकही तक्रार आली नाही.

## फसलेली वाटणी

या सगळ्यात एक वळण उलट गेलं. दस्तऐवज सर्व्हिस नीट चालल्यावर हुरूप आला आणि 'ग्राहक-माहिती' बाहेर काढायचं ठरलं. कारण दिलं गेलं ते सोपेपणाचं. टेबलं थोडी, तर्क थोडा: नाव, पत्ता, उधारीची मर्यादा.

काढणं सोपं होतंच. पण ग्राहकाचं नाव लागत नाही असं पानच या सॉफ्टवेअरमध्ये नव्हतं. ऑर्डरींच्या यादीत पन्नास ओळी, तर ग्राहक सर्व्हिसला पन्नास कॉल. मग एकदम पन्नास नावं मागायची सोय केली. मग तरी हळू म्हणून कॅश (एकदा मिळालेलं उत्तर जवळच साठवून ठेवणं). आणि कॅश आली की जे होतं ते झालं: एका ग्राहकाची उधारीची मर्यादा वसुली टीमने खाली आणली, पण ऑर्डर घेणाऱ्याकडे जुनीच मर्यादा होती, आणि थकबाकीदाराला भरघोस माल गेला. वितरकाचा फोन थेट कंपनीच्या मालकांना.

पुढे दोन मार्ग होते. मर्यादा तेवढी ऑर्डरकडे ठेवून नाव-पत्ता बाहेर ठेवायचा, किंवा सगळं परत आणायचं. पहिला तात्त्विकदृष्ट्या बरा होता. त्यांनी दुसरा घेतला, कारण त्या सर्व्हिसला स्वतःची टीम नव्हती, वेगळा भार नव्हता, स्वतंत्र रिलीजची गरजही नव्हती. बाहेर राहायला तिच्याकडे एकही कारण उरलं नव्हतं. कोड परत आणणं भिंतींमुळे लवकर झालं. डेटा परत आणताना दोन्हीकडे वेगवेगळ्या दुरुस्त झालेल्या पत्त्यांची हातांनी पडताळणी करावी लागली, आणि ते काम महिनाभर रेंगाळलं.

## निष्पत्ती

रिलीज पुन्हा आठवड्यावर आले. दस्तऐवज सर्व्हिस तर हवी तेव्हा जाते, आणि तिची मेमरी भरली तर ती एकटी मरते, पुन्हा उठते, क्यूमधलं काम पुढे चालू करते. ऑर्डर घेणाऱ्याला पत्ताही लागत नाही. मेमरीचा मूळ घोटाळा आजही पूर्ण सुटलेला नाही, फक्त तो आता कुणाला नडत नाही.

महिनाअखेर पूर्ण शांत झालेली नाही. साठ्याच्या मूल्यांकनाचा रिपोर्ट क्षणाचाही उशीर चालवून घेत नाही, म्हणून तो अजून मुख्य डेटाबेसवरच चालतो. गोठवलेल्या उल्लंघनांची फाइल लहान होत गेली, मग एका पातळीवर येऊन अडकली. उरलेली जवळजवळ सगळी त्या वीसहून जास्त टेबलांच्या क्वेरीतली आहेत.

एका सर्व्हिसचा खर्चही कमी लेखू नये. एक बिल कुठे अडकलं हे शोधायला आता दोन ठिकाणचे लॉग बघावे लागतात. त्यासाठी प्रत्येक विनंतीला एक ओळखक्रमांक देऊन तो क्यूमधून पुढे नेण्याचं काम त्या दोघांनी केलं. क्यू तुंबली की वाजणारा अलार्म आणखी एक. अशा तेरा आणखी असत्या तर, हा हिशोब दोघांपैकी एकाने फळ्यावर करून दाखवला होता. तो बरेच दिवस कुणी पुसला नाही.

## पुन्हा ठरवायचं झालं तर

मोजमाप आराखड्याच्या आधी हवं होतं. आराखडा एकदा स्लाइडवर आला की त्याच्या बाजूचे आणि विरुद्ध असे गट पडतात, आणि मग आकडेसुद्धा गटांत वाटले जातात. इथे तंत्रप्रमुखांनी ताठरपणा केला नाही म्हणून निभावलं.

पहिली सर्व्हिस कुठली काढायची याचा निकष सुरुवातीलाच लिहायला हवा होता. दस्तऐवज निवडलं ते दुखत होतं म्हणून, आणि ते सुदैवाने बरोबर निघालं. त्याच्या उत्तरासाठी कुणी थांबत नव्हतं. ग्राहक-माहिती निवडली ती छोटी होती म्हणून. किती जण आपल्याला विचारतात आणि उत्तर येईपर्यंत थांबतात, हे आधी मोजलं असतं तर ती यादीत शेवटी गेली असती. गिटच्या इतिहासाने हे दाखवलं नव्हतं, कारण ग्राहकाचा कोड फारसा बदलतच नव्हता. तो फक्त वाचला जात होता. एकत्र काय बदलतं आणि एकत्र काय वाचलं जातं, या दोन वेगळ्या मोजण्या आहेत, आणि त्यांनी पहिलीच केली होती.

टेबलं वेगळ्या स्कीमात नेण्याचं काम सगळ्या मॉड्यूलांचं एकदम काढलं, त्याऐवजी वसुलीपासून सुरुवात केली असती तर बरं झालं असतं. तिथे नियम स्पष्ट होते आणि टीमही तयार होती. ऑर्डर आणि साठ्याच्या मधे भिंत घालण्यात गेलेले आठवडे मला अजून शंकास्पद वाटतात. जे नेहमी एकत्रच बदलतं त्याच्या मधोमध भिंत कशाला, याचं समाधानकारक उत्तर मला मिळालेलं नाही.

मोबाइलचा प्रश्न अजून उघडा आहे. विक्रेते नेटवर्क नसलेल्या भागात ऑर्डरी साठवतात आणि संध्याकाळी एकदम पाठवतात. भार वेगळा आहे, वेळ वेगळी आहे, टीमही वेगळी आहे. बाहेर काढायची तिन्ही कारणं हजर आहेत. अडचण अशी की हा कोड आजही ऑर्डरच्या टेबलांत थेट लिहितो. आधी त्याने ऑर्डर मॉड्यूलच्या इंटरफेसमधून लिहायला शिकावं, महिनाअखेरीच्या दोन-तीन खेपा तसं चालून दाखवावं, आणि मग वेगळं व्हायचं की नाही ते ठरवू, असं तंत्रप्रमुखांनी त्या टीमला सांगितलं आहे. चौदा चौकोनांच्या आराखड्यात मोबाइलचा चौकोन मुळात नव्हताच.